चांद्याचें न्यायासन आणि कप्तान क्रिक्टन

१

इंग्रजी अंमलांतील न्यायाधीशाचें चरित्र म्हटलें म्हणजे मुंबईच्या हायकोर्टांतील एखादा झगाधारी गृहस्थ आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. त्याचें आसन निराळें, त्याचा अधिकार निराळा. आरोपीस पकडणाऱ्या शिपायाशीं अगर सारा वसूल करणाऱ्या कलेक्टराशीं त्याचा संबंध कागदोपत्रींच काय तो येणार. ही समजूत बरोबर घेऊन जो संशोधक चांदा प्रांताच्या जुन्या कागदांत शिरेल, त्याची पहिल्याच रुमालांत फसगत होईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या अरण्यमय मुलखांत न्यायाधीश या नांवाचा स्वतंत्र पुरुष नव्हता. जो सारा ठरवी तोच गुन्हेगार धरवी. जो धरवी तोच चौकशी करी. आणि ज्या तुरुंगांत गुन्हेगार पडे त्या तुरुंगाच्या किल्ल्याही त्याच्याच हुकमतींत असत. त्यास डेप्युटी कमिशनर म्हणत.

अशा अधिकाऱ्यांपैकीं कप्तान डब्ल्यू. एच. क्रिक्टन याचें नांव चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत अद्यापि लोकांच्या तोंडीं आहे. तें त्याच्या बंदोबस्तामुळें नव्हे, तर त्याच्या अंमलांत दिनांक २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशीं गेलेल्या एका तरुण गोंड जमीनदारामुळें आहे. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके ते हेच. प्रस्तुत लेखांत क्रिक्टनच्या त्या एका वर्षाचा विचार करावयाचा आहे. त्याची निंदा अगर स्तुति करणें हा आमचा हेतु नाहीं. ज्या आसनावर तो बसला होता त्या आसनाची घडण कशी होती, आणि त्या घडणीमुळें आज आपल्या हातीं आलेले कागद कसे वाचले पाहिजेत, एवढेंच दाखवावयाचें आहे.

२

प्रथम आसनाचा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. चांद्याचें राज्य गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे इ. स. १७५१ मध्यें आलें. खुद्द शहर व भोंवतालचीं परगण्यांचीं गांवें भोसल्यांच्या सुभेदारांकडे गेलीं. परंतु वैनगंगेच्या पूर्वेकडील दाट अरण्यांतले जमीनदार आपापल्या ठिकाणीं बहुतेक पूर्ववत् राहिले. वर्षास ठराविक, पुष्कळदां नाममात्र, टाकोळी सरकारांत भरावी, बोलावणें आल्यास माणसें घेऊन हजर व्हावें, आणि आपल्या हद्दींतले तंटे आपल्या रीतीनें तोडावे, असा तो जुना वहिवाट. अहेरी ही या जमीनदाऱ्यांपैकीं सर्वांत विस्तीर्ण. जमीनदार हा त्या मुलखांत केवळ जमिनीचा धनी नव्हता; तो लहानमोठ्या बाबतींत न्यायाचेंही ठिकाण होता. पुढील प्रकार समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीची लढाई झाली, व पुढील मे महिन्यांत इंग्रजी फौजेनें चांद्याचा किल्ला हल्ला करून घेतला. किल्लेदार गंगासिंग त्या प्रसंगीं पडला. आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, तिसरे रघूजी अल्पवयी होते, म्हणून राज्याचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानें आपल्या हातीं घेतला. प्रत्येक जिल्ह्यावर एक इंग्रज अंमलदार नेमण्यांत आला. चांद्यास कप्तान क्रॉफर्ड आला. जेंकिन्सचा १८२७ सालचा नागपूर राज्याविषयींचा अहवाल आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहेच. त्यांत पाटील, कमाविसदार व पंचायत यांचा जो उल्लेख येतो त्यावरून दिसतें कीं, जुनी न्यायपद्धति मोडून न टाकतां तिच्यावर देखरेख ठेवण्याकडे त्या काळच्या अंमलदारांचा कल होता. १८३० मध्यें कारभार पुनः भोसल्यांच्या स्वाधीन झाला.

तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं वारले. औरस पुत्र नव्हता. दत्तक मान्य न करतां लॉर्ड डलहौसीनें १८५४ मध्यें राज्य खालसा केलें. आतां अंमल राजाच्या नांवानें नव्हता, कंपनी सरकारच्या नांवानें होता. आणि तो चालविण्याची तऱ्हा पंजाबांत नुकतीच घातलेली होती, तीच येथें आली. मुंबई इलाख्यांत एल्फिन्स्टनच्या वेळच्या १८२७ च्या कायद्यांनीं जिल्ह्याचा जज्ज व जिल्ह्याचा कलेक्टर हे दोन पुरुष वेगळे ठेविले होते. नव्यानें जिंकलेल्या अगर खालसा केलेल्या प्रांतांत तसें करूं नये, तेथील लोकांस एकच मालक दिसावा व त्याचा शब्द लवकर अमलांत यावा, असें कलकत्त्याच्या राज्यकर्त्यांचें मत होतें. म्हणून सारा, फौजदारी, दिवाणी, पोलीस, तुरुंग व खजिना हीं सर्व खातीं जिल्ह्यापुरतीं एका डेप्युटी कमिशनराच्या हातीं दिलीं, व त्याच्यावर नागपुरास एक कमिशनर ठेवला.

हें धोरण सोयीचें होतें यांत शंका नाहीं. न्यायाच्या दृष्टीनें तें कसें होतें, हें शांततेच्या काळांत कळत नाहीं. तें कळावयास १८५८ साल यावें लागलें.

३

अशा अधिकाऱ्याचें आयुष्य कसें जात असे, याची कल्पना मुलखाच्या रचनेवरून येते. चांदा शहर इरई व झरपट या नद्यांच्या संगमाजवळ गोंड राजांनीं बांधलेल्या तटाच्या आंत वसलेलें आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर या चार दरवाजांच्या आंत कचेरी, खजिना व तुरुंग. तेथून नागपूर उत्तरेस, आणि मधला रस्ता घोड्याचा अगर बैलगाडीचा. आगगाडी वरोऱ्यास १८७७ मध्यें आली व चांद्यास त्याहूनही पुढें, विसाव्या शतकांत. शहराच्या पूर्वेस व दक्षिणेस मात्र जें पसरलेलें होतें तें साग, ऐन, मोह व बांबू यांचें अखंड रान. वर्धा व वैनगंगा या दोन नद्या एकत्र होऊन प्राणहिता बनते. ती दक्षिणेस वाहत जाऊन सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. पलीकडे इंद्रावती व बस्तरचें राज्य. पावसाळ्याचे चार महिने या नद्या दुथडी भरून चालत, व अहेरीकडील मुलूख चांद्याच्या कचेरीस जवळ जवळ परदेशच होई.

म्हणून साहेबाचें वर्ष दोन भागांत वांटलेलें असे. पावसाळ्यांत कचेरींत बसून मुकदमे ऐकावयाचे. हिंवाळ्यांत तंबू घेऊन दौऱ्यावर निघावयाचें. दौऱ्यांत सकाळीं शेताची पाहणी, दुपारीं झाडाखालीं फिर्यादी, सायंकाळीं नागपुरास लिहावयाचीं पत्रें. वादी मराठी बोलणारा, प्रतिवादी तेलुगु बोलणारा, साक्षीदार गोंडी बोलणारा. कारकून तें मोडींत उतरून घेणार, आणि साहेब त्याचा सारांश इंग्रजींत लिहिणार. गोंडी बोलणाऱ्या माणसाचा शब्द आपणांस जेव्हां इंग्रजी कागदांत सांपडतो, तेव्हां तो मुखापासून कागदापर्यंत दोन तीन दारें ओलांडून आलेला असतो, हें संग्राहकानें कधींही विसरूं नये.

शिवाय त्या काळीं हातीं धरावयास लेखी फौजदारी कायदाही नव्हता. आपल्या ओळखीचें इंडियन पिनल कोड १८६० मध्यें मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आलें. फौजदारी कामें चालविण्याचा पहिला कायदा १८६१ चा. पोलीस हें स्वतंत्र खातें करणारा कायदाही १८६१ चाच. म्हणजे १८५८ मध्यें चांद्यास जो खटला चालला तो या तिन्हींच्या पूर्वींचा होय. गुन्ह्याची व्याख्या, चौकशीची रीत व आरोपीस पकडणारा हात, यांपैकीं कशाचीही स्वतंत्र मर्यादा न्यायासनास त्या दिवशीं नव्हती.

४

आतां १८५८ सालचे प्रसंग क्रमानें देतों.

उत्तर हिंदुस्थानांत उठाव सुरू होऊन दहा महिने झाले होते. नागपुरास जून १८५७ मध्यें घोडदळांतील कट उघडकीस येऊन दडपला गेला होता. चांदा जिल्हा त्या वर्षीं वरवर शांत होता. मार्च १८५८ मध्यें मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव यांनीं गोंड, माडिया व रोहिले लोकांची टोळी जमवून राजगड परगण्यांत अंमल बसविला. लोकपरंपरेप्रमाणें बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा. म्हणजे वय पंचविसांचें. अडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव त्यांस येऊन मिळाले. क्रिक्टननें चांद्याहून फौज पाठविली. १३ मार्च रोजीं नांदगांव-घोसरी येथें गांठ पडली, व त्यानंतर एप्रिलअखेरपर्यंत रानांत चकमकी होत राहिल्या. या सर्व काळांत फौज कोठें जावी, कोणास धरावें, कोणावर विश्वास ठेवावा, हें ठरविणारा पुरुष एकच, आणि तो चांद्याचा डेप्युटी कमिशनर.

२९ एप्रिलच्या रात्रीं मामल्यास निराळें वळण लागलें. प्राणहितेच्या कांठीं चिंचगुंडी येथें तारायंत्राच्या कामावरील लोकांचा तळ होता. त्यावर बाबुराव-व्यंकटरावांच्या लोकांनीं छापा घातला. गार्टलंड व हॉल हे दोन युरोपियन नोकर मारले गेले; पीटर नांवाचा तिसरा निसटून क्रिक्टनपर्यंत जाऊन पोंचला. येथवर जें बंड होतें त्यांत आतां दोन इंग्रज प्रजाजनांचा खून मिळाला. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें कारण येईल.

रानांत फौज पाठवून बाबुराव हातीं लागत नाहींत असें पाहून क्रिक्टननें अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांजकडे मोर्चा वळविला. आरोपींस धरून द्यावें, नाहीं तर सरकारची इतराजी होईल, असा तगादा त्यानें त्यांस लाविला. जुलै महिन्यांत बस्तर हद्दींतील भोपाळपट्टण येथें बाबुराव एकदां पकडले गेले, परंतु सुटले. १८ सप्टेंबर रोजीं ते लक्ष्मीबाईंच्या माणसांच्या हातीं पुनः सांपडले व त्यांस चांद्यास पोंचविण्यांत आलें. खटला होऊन २१ ऑक्टोबर रोजीं त्यांस फांशी देण्यांत आली. पकडल्यापासून फांशीपर्यंत तेहतीस दिवस गेले. रानांतून चांद्यापर्यंतची वाट, चौकशी, निकाल व अंमलबजावणी हें सर्व या तेहतीस दिवसांत आलें.

व्यंकटराव बस्तरांत निघून गेले. एप्रिल १८६० मध्यें बस्तरच्या राजानें त्यांस धरून इंग्रजांच्या स्वाधीन केलें. त्यांस फांशी झाली नाहीं. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, व जमीनदारी जप्त झाली. त्यांच्या मातोश्री नागाबाई यांच्या खटपटीमुळें प्राण वांचले, असें या भागाच्या इतिहासांत सांगितलें आहे. जप्त झालेल्या अडपल्ली व घोट या जमीनदाऱ्यांपैकीं सदुसष्ट गांवें लक्ष्मीबाईंस त्यांच्या कामगिरीबद्दल मिळालीं.

५

एकाच उठावांतले, एकाच छाप्याशीं जोडले गेलेले दोन जमीनदार. एकास देहान्त, दुसऱ्यास काळें पाणी. हा फरक कां पडला, असा प्रश्न कोणीही करील. त्याचें उत्तर चांद्याच्या कागदांबरोबरच एका दुसऱ्या कागदांतही पाहिलें पाहिजे, आणि तो कागद सर्वांच्या संग्रहीं आहे. १ नोव्हेंबर १८५८ रोजीं अलाहाबादेस लॉर्ड कॅनिंगनें वाचून दाखविलेला राणीचा जाहीरनामा तो हाच.

या जाहीरनाम्यांतील धर्मस्वातंत्र्याचीं व नोकऱ्यांचीं कलमें पुष्कळदां उद्धृत होतात. क्षमेचें कलम मात्र फारसें कोणी बारकाईनें वाचीत नाहीं. त्याचा आशय असा: ज्यांनीं इंग्रज प्रजाजनांच्या खुनांत प्रत्यक्ष भाग घेतल्याचें शाबीत झालें असेल, त्यांस क्षमा नाहीं. ज्यांनीं खुनी लोकांस जाणूनबुजून आश्रय दिला, अगर जे बंडाचे पुढारी अथवा चिथावणारे होते, त्यांस जीवदानाची तेवढी हमी. शिक्षा ठरवितांना सर्व परिस्थितीचा विचार होईल. बाकीचे जे हत्यार धरून उभे होते, त्यांनीं पुढील जानेवारीच्या पहिल्या तारखेपूर्वीं घरीं परतून शांतपणें राहावें म्हणजे त्यांस पूर्ण माफी.

या कलमानें काय केलें तें पाहा. बंड व खून या ज्या दोन गोष्टी आतांपर्यंत एका फासांत बांधल्या जात होत्या, त्या त्यानें सोडवून वेगळ्या केल्या. एक नोव्हेंबरनंतर कोणत्याही न्यायासनापुढें बंडाचा पुढारी उभा राहिला, तर त्यास फांशी देण्यापूर्वीं एक प्रश्न विचारणें भाग होतें: या मनुष्यानें स्वतः खुनांत प्रत्यक्ष भाग घेतला काय? तो पुढारी होता एवढें शाबीत होऊन चालणार नव्हतें. त्याच्या माणसांनीं खून केला, एवढ्यानेंही भागणार नव्हतें. चिंचगुंडीच्या त्या रात्रीं कोण कोठें होता, कोणीं काय केलें, हें नेमकें ठरवावें लागलें असतें.

बाबुराव फांशीं गेले ते २१ ऑक्टोबरला. जाहीरनामा निघाला तो १ नोव्हेंबरला. मध्यें अंतर अकरा दिवसांचें.

यावरून बाबुराव अकरा दिवस अधिक जगते तर खात्रीनें वांचते, असें आम्ही म्हणत नाहीं. छाप्यांतील प्रत्यक्ष सहभागाचा पुरावा पुढें आणून सरकारनें तोच निकाल मागितला असता. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तो प्रश्न वेगळा काढून विचारण्याचें बंधन चांद्याच्या न्यायासनावर त्या दिवशीं नव्हतें, आणि अकरा दिवसांनीं तें आलें. व्यंकटरावांचा निकाल झाला तो जाहीरनाम्यानंतर. आणि पुढाऱ्यास जीवदान, मात्र शिक्षा कडक, या त्याच्या शब्दांशीं तो निकाल तंतोतंत जुळतो. नागाबाईंच्या खटपटीची हकीकत यामुळें खोटी ठरत नाहीं. मातेनें पदर पसरला असेल. परंतु ज्या दारापुढें पसरला, तें दार एवढ्यांत थोडें उघडलें होतें, हेंही खरें.

६

येथें कोणी असें म्हणेल कीं, तो काळ युद्धाचा होता. तात्या टोपे ऑक्टोबरच्या अखेरीस नर्मदा उतरून नागपूर प्रांताच्या सीमेकडे येत होते. अशा वेळीं तुरुंगांत ठेवलेला पुढारी हा सरकारास उघड धोका वाटला तर नवल नाहीं. हा आक्षेप वाजवी आहे. क्रिक्टनच्या जागीं दुसरा कोणी असता तर त्यानेंही बहुधा हेंच केलें असतें. म्हणूनच आम्ही दोष पुरुषाचा न धरतां आसनाचा धरतों. ज्यानें फौज पाठविली, ज्यानें पीटरच्या तोंडून खुनाची पहिली हकीकत ऐकली, ज्यानें लक्ष्मीबाईंस धाक घालून आरोपी धरविला, त्याच्याच अंमलाखालीं तो आरोपी उभा राहिला. आरोपी गुन्हेगार आहे, असें मत त्या अंमलदाराचें खटल्यापूर्वीं सहा महिने झालेलें होतें. तसें नसतें तर त्यानें फौजच पाठविली नसती. कितीही सज्जन मनुष्य असला तरी त्यास स्वतःचेंच मत स्वतःपुढें खोडून काढावयास सांगणें हें न्यायाचें लक्षण नव्हे.

इतिहाससंशोधकास या गोष्टीचा धडा वेगळाच आहे. १८५८ च्या चांदा-उठावासंबंधीं जी हकीकत छापील ग्रंथांतून येते, तिची साखळी अशी. मेजर ल्यूसी स्मिथ यानें चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा १८६९ चा अहवाल लिहिला. त्यांत गोंड राजांच्या परंपरेबरोबर या उठावाचीही हकीकत आहे. १८७० मध्यें ग्रँटनें संपादिलेलें मध्यप्रांताचें गॅझेटियर निघालें. त्यांतील चांद्याचा भाग ल्यूसी स्मिथच्या माहितीवर उभारलेला आहे. १९०९ मध्यें बेग्बीचें चांदा जिल्ह्याचें गॅझेटियर आलें. तेंही पूर्वकाळासाठीं ल्यूसी स्मिथवरच भिस्त ठेवतें. पुढील मराठी लेखकांनीं या तिघांचा आधार घेतला. वाचकास वाटतें, तीन साक्षी एकमुखानें सांगत आहेत. वस्तुतः साक्ष एकच आहे. ल्यूसी स्मिथ ज्या जिल्हा कचेरीचा अधिकारी, तिच्या दफ्तरांत त्यापूर्वीं दहा वर्षें जें लिहिलें गेलें तें डेप्युटी कमिशनराच्या लेखणीचें. म्हणजे पकडणाऱ्याची, आरोप ठेवणाऱ्याची व न्याय करणाऱ्या कचेरीची साक्ष एका शाईंत मिसळून आपणांपर्यंत आली आहे.

अशा कागदांचा उपयोग करूं नये काय? अवश्य करावा, दुसरे नाहींत म्हणून ते टाकून देणें हा शुद्ध वेडेपणा होय. परंतु ते वाचतांना तीन गोष्टी पाळाव्या, असें आम्हांस वाटतें.

पहिली: प्रत्येक कागद त्या अधिकाऱ्यानें कोणत्या नात्यानें लिहिला तें आधीं ठरवावें. सही एकच असली तरी फौजेस हुकूम देणारा क्रिक्टन निराळा, नागपुरास खबर देणारा निराळा, आणि न्यायासनावरचा निराळा. हुकमांतील 'बंडखोर' हा शब्द निकालांतील शाबितीचा पुरावा होत नाहीं.

दुसरी: तारखांची माळ गुंफावी. वर जी तेहतीस व अकरा दिवसांची गणना दिली, ती कोणत्याही गुप्त कागदांतून काढलेली नाहीं; सर्वांच्या समोर असलेल्या तारखा शेजारीं शेजारीं मांडल्या एवढेंच. अधिकाऱ्याच्या हेतूविषयीं त्याचेच कागद मौन धरतात. तारखा मौन धरीत नाहींत.

तिसरी: दुसऱ्या बाजूचा कागद शोधावा. अहेरी, अडपल्ली, घोट व आसपासच्या जमीनदाऱ्या यांचीं दफ्तरें मोडींत व तेलुगूंत होतीं. सदुसष्ट गांवें एका घराण्याकडून दुसऱ्याकडे गेलीं, म्हणजे सनदा झाल्या, पाहणी झाली, रयतेच्या कबुलायती झाल्या. फांशीचा निकाल एका पानाचा असतो. जप्तीचे कागद पुढें दोन पिढ्या चालतात. जमीनदाऱ्या १९५० च्या कायद्यानें १९५१ मध्यें नाहींशा झाल्या, तेव्हांपासून या दफ्तरांचें व्यावहारिक मोल संपलें, व जें निरुपयोगी तें वाळवीस अर्पण करण्याची आपली रीत प्रसिद्धच आहे.

७

या आसनाचें पुढें काय झालें तेंही थोडक्यांत सांगून टाकूं. २ नोव्हेंबर १८६१ रोजीं मध्यप्रांत निर्माण झाला. नागपुरास जुडिशियल कमिशनर बसला. १८६५ च्या कायद्यानें न्यायालयांच्या पायऱ्या ठरविल्या. जिल्ह्यांत मात्र डेप्युटी कमिशनर हाच मॅजिस्ट्रेट राहिला. इतकेंच नव्हे, तर १८९८ च्या फौजदारी कायद्याच्या तिसाव्या कलमानें मध्यप्रांतासारख्या प्रांतांतील मॅजिस्ट्रेटांस, ज्यांस देहान्त शिक्षा नाहीं असे सर्व गुन्हे स्वतः चालविण्याचा अधिकार देतां येत असे. मुंबईस जें काम सेशन जज्जापुढें गेलें असतें, तें चांद्यास सारा वसूल करणाऱ्या साहेबापुढें चाले. नागपूर हायकोर्ट १९३६ मध्यें स्थापन झालें व सर गिल्बर्ट स्टोन हा त्याचा पहिला मुख्य न्यायाधीश झाला. त्यामुळें वरचें टोक स्वतंत्र झालें, बुडखा तसाच राहिला. न्याय व अंमल यांची फारकत करावी, असें राज्यघटनेच्या पन्नासाव्या कलमांत लिहिलें गेलें. आणि १९७३ च्या फौजदारी कायद्यानें ती सर्वत्र झाली ती १ एप्रिल १९७४ पासून. क्रिक्टनच्या वर्षापासून मोजल्यास एकशें पंधराहून अधिक वर्षें लागलीं.

तोंवर मुलखाचें रूपही पालटलें. चांद्याचें नांव चंद्रपूर झालें. अहेरी, सिरोंचा, घोट व चिंचगुंडी ज्या भागांत येतात तो भाग २६ ऑगस्ट १९८२ रोजीं निराळा निघून गडचिरोली जिल्हा झाला. बाबुरावांच्या नांवाचें टपाल तिकीट भारत सरकारनें २००९ मध्यें काढलें. ज्या सरकारी डांकेच्या थैल्यांतून त्यांच्या अटकेच्या खबरा गेल्या, त्याच डांकेवर त्यांची मुद्रा आली. चंद्रपूरच्या कारागृहांतील पिंपळ हा फांशीचा पिंपळ म्हणून लोक दाखवितात व २१ ऑक्टोबरला तेथें जमतात. लोकस्मृतीनें आपला निकाल केव्हांच देऊन टाकला आहे. तो निकाल भावनेचा आहे, आणि चांद्याच्या कचेरीचा निकाल अंमलाचा होता. पुराव्याचा निकाल द्यावयाचा राहिला आहे, व तें काम संशोधकाचें.

८

म्हणून आमच्या संग्राहक बंधूंस एवढीच विनंति. वैनगंगेच्या व प्राणहितेच्या दोन्ही तीरांवर ज्यांचें जाणेंयेणें असेल, त्यांनीं राजवाड्यांचे रुमाल पाहावे, तसे पाटील-पटवाऱ्यांच्या घरचे गाठोडेही पाहावेत. इ. स. १८५४ ते १८६५ या दरम्यानची सनद, टाकोळीची पावती, जप्तीची यादी, कबुलायत, तुरुंगाची नोंद, फार काय हळदीकुंकवाचा हात लागलेलें एखादें चिठोरेंही, त्यावर तारीख व गांवाचें नांव असल्यास टाकूं नये. त्याची नक्कल करून घ्यावी, मूळ मालकाच्याच घरीं सुरक्षित ठेवावें, व कोणत्या घरांत, कोणत्या कागदांच्या मधोमध तें सांपडलें याची नोंद करावी. कागद जेथून निघाला ती जागा तुटली म्हणजे त्याची अर्धी साक्ष तुटते.

कप्तान क्रिक्टनची बाजू दफ्तरांत सुरक्षित आहे. ती त्यानें स्वतःच लिहून ठेवली. चांद्याच्या न्यायासनापुढें जो उभा होता, त्याची बाजू त्या दिवशीं कोणी वेगळी लिहून घेतली नाहीं. ती आतां लिहावयाची तर रानांतल्या घराघरांतून वेंचूनच लिहिली पाहिजे, आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाहीं.